सातशे दोनमधलं ऊन

"आलं का?" नंदाने विचारलं.

"येतंय," मधुकर म्हणाला. "डोंगरामागून वर यायला वेळ लागतो त्याला."

नंदा खिडकीसमोर खुर्ची ओढून बसली होती. साडी गुडघ्यांपर्यंत वर घेतलेली, पाय समोरच्या स्टुलावर, आणि हातांची बोटं मांडीवर पसरून ठेवलेली, पापड वाळत घालावेत तशी. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. नव्या बिल्डिंगच्या सातव्या मजल्यावर, सातशे तीन नंबरच्या घरात, ही त्यांची पहिली थंडी. बोरिवलीची थंडी ती काय, असं कोणी म्हणेल. पण नॅशनल पार्काच्या बाजूने पहाटे जी गार हवा उतरते, ती संधिवाताच्या माणसाला बरोबर शोधून काढते. सकाळी नंदाची मूठ वळत नसे. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरून प्यायची.

समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ऊन आलं. मग खाली गुलमोहराच्या शेंड्यावर आलं. यांच्या खिडकीच्या उजव्या हाताला शेजारच्या सातशे दोनची भिंत चांगली दोन मीटर पुढे आलेली होती. तिची कड उजळली. खिडकीच्या डाव्या चौकटीवर बोटभर रुंदीची एक पिवळी पट्टी उमटली, जराशी रेंगाळली आणि गेली.

"बघ, आलं होतं," मधुकर म्हणाला.

"हो, आलं होतं." नंदाने साडी खाली केली आणि खुर्चीच्या हाताला धरून उठली.

मधुकर सामंतने उभी हयात अंधेरीच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून काढली. आधी टी-स्क्वेअर आणि रोटरिंगचं पेन, नंतर कॉम्प्युटर. लोकांच्या घरांची दारं-खिडक्या काढता काढता त्याचे केस गेले. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक असलेली त्याची एकच खोड म्हणजे ऊन. कुठल्याही प्लॅनवर वाकला की तो आधी विचारायचा, ऊन कुठून येणार? मोठे साहेब होते तेव्हा ते काम त्यालाच द्यायचे. सूर्याची कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी कुठली दिशा, त्याचा कोन काढायचा आणि सज्जा किती बाहेर घ्यायचा ते ठरवायचं.

त्या कोनाला ऑफिसात अ‍ॅझिमथ म्हणत. मधुकर दिगंश म्हणायचा. गोष्ट सोपी आहे. उत्तरेकडे तोंड करून उभं राहायचं आणि उजवीकडे वळत वळत सूर्याच्या बरोबर खाली, क्षितिजावर जी जागा येते, तिथपर्यंत जायचं. जेवढे अंश वळलो तेवढा दिगंश. उत्तर शून्य, पूर्व नव्वद, दक्षिण एकशे ऐंशी. मुंबईत डिसेंबरातला सूर्य एकशे पंधराच्या आसपास उगवतो, म्हणजे पूर्वेला नव्हेच, चांगला आग्नेयेकडे सरकून. मे महिन्यात तो पूर्वेच्याही उत्तरेला गेलेला असतो. लोक पूर्वेचं घर म्हणून नाचतात, पण कुठल्या महिन्यातली पूर्व हे कोणी विचारत नाही, असं मधुकर नेहमी म्हणायचा. इतक्यांदा म्हणायचा, की ऑफिसातली मुलं ते वाक्य त्याच्याआधी पूर्ण करायची.

आणि हा सूर्याचा जाणकार राहत होता तळमजल्यावर, जिथे ऊन कधी आलं नाही. पुढे रस्त्याची भिंत, मागे पंपरूम. लग्न होऊन नंदा त्या घरात आली तेव्हा भर दुपारी मधुकरने दार उघडून आधी ट्यूबलाइटचं बटण दाबलं होतं. ते बटण दाबणं मग कायमचंच झालं. बाहेरून कोणीही, कधीही आलं, की चप्पल काढायच्या आधी हात बटणाकडे. धुतलेले कपडे दोन-दोन दिवस दमट राहायचे. थंडीत नंदा प्लास्टिकचं स्टूल घेऊन गेटपाशी वॉचमनच्या शेजारी जाऊन बसायची, कारण सोसायटीतलं सकाळचं ऊन तेवढं तिथे होतं. येणारे-जाणारे विचारायचे, वहिनी, कोणाची वाट बघताय? ती हसून म्हणायची, कोणाची नाही हो, गुडघे शेकतेय. मधुकर ऑफिसला निघताना तिला तिथे बसलेली बघायचा, आणि त्याला लाज वाटायची. दुसऱ्यांच्या घरात ऊन आणून देणाऱ्याची बायको गेटवर बसते, ही लाज त्याने कोणापाशी बोलून दाखवली नाही. फक्त एकदा तिला म्हणाला होता, "नवीन बिल्डिंग होऊ दे. तुझ्या खोलीत ऊन आणून देतो. माझा शब्द."

सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, आणि कोणाला कुठलं घर मिळणार ते ठरवायला ऐन श्रावणात चिठ्ठ्या टाकल्या. स्टीलच्या डब्यातून सेक्रेटरीच्या नातीने चिठ्ठी काढली. सामंतांना सातशे दोन निघालं. त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहणाऱ्या धवल आणि दीप्ती या जोडप्याला सातशे तीन.

नंदाला सातशे दोन आवडलं. तिने प्लॅनवर बोट फिरवून, इथे कॉट, इथे देव, इथे माझी खुर्ची असं ठरवूनही टाकलं. मधुकर मात्र प्लॅनच्या कोपऱ्यातल्या बाणाकडे बघत होता. उत्तर दाखवणारा तो बाण नक्षीदार होता, आणि मधुकरचा अशा बाणांवर काडीचा विश्वास नव्हता. तरुणपणी त्याने स्वतःच कितीतरी बाण कागदावर जिथे जागा शोभेल तिथे, शोभेल तसे फिरवून चिकटवले होते. उत्तर चुकली की पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही चुकतं. तेव्हा त्याने ठरवलं, उत्तर आपण स्वतः बघायची.

सूर्य दिसेल तर शपथ. आठवडाभर आभाळ नुसतं गळत होतं. मोठ्या साहेबांनी दिलेलं पितळी होकायंत्र घेऊन मधुकर जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेला. पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला, म्हणून मोबाइल टॉवरच्या पत्र्याच्या शेडखाली उभा राहिला. होकायंत्र कठड्यावर सपाट ठेवलं, काटा थांबेपर्यंत श्वास धरला आणि प्लॉटच्या हद्दीला समांतर असलेल्या कठड्याच्या रेषेशी त्याचा कोन मोजला. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा तेच आलं. प्लॅनवरचा बाण चाळीसएक अंशांनी चुकीचा होता.

घरी येऊन त्याने ट्रेसिंग पेपरवर सगळं मांडलं. नव्या उत्तरेप्रमाणे सातशे दोनची खिडकी सरळ दक्षिणेला जात होती; म्हणजे सकाळचं कोवळं ऊन बाहेरच्या बाहेर जाणार आणि दुपारचं रखरखीत आत येणार. सातशे तीनची खिडकी मात्र पूर्वेला आणि जराशी आग्नेयेकडे. डिसेंबरातल्या सकाळी साडेआठला ऊन कॉटवर, नऊला खुर्चीवर. त्याने ते पेन्सिलीने छायांकित करून दाखवलं.

नंदाला ते पटलं नाही. "चिठ्ठीत निघालं ते घ्यावं हो. मागून बदललं की बरकत नसते."

"तुला ऊन हवंय की बरकत?"

नंदाने प्लॅनची घडी करून त्याच्या हातात दिली. धवललाही काही फरक पडत नव्हता. तो म्हणाला, "आपल्याला काय काका, दोन्ही सेमच. तुम्ही एक्स्पर्ट." कमिटीसमोर अदलाबदल झाली. ऑफिसात मोठ्या साहेबांची मुलगी गंधाली आता सगळं बघायची. तिला मधुकरने कौतुकाने ती ट्रेसिंग दाखवली. तिने बराच वेळ बघितली आणि हळूच म्हणाली, "सामंतकाका, सर्व्हेचा बाण सहसा इतका चुकत नाही. सॅटेलाइट मॅपवर एकदा टाकून बघू या का?" मधुकरने कागद गुंडाळला. तो रागावला नाही, पण दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला. तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हापासून मी ऊन मोजतोय, असं त्याच्या मनात होतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं.

मग जुनी बिल्डिंग पाडली, भाड्याच्या घरात दहिसरला वर्षं गेली, मधुकर रिटायर झाला, नंदाची बोटं वाकडी होत गेली. दर थंडीत ती म्हणायची, पुढच्या वर्षी आपल्या उन्हात. आणि या वर्षी दिवाळी झाल्यावर ते सातशे तीनमध्ये राहायला आले.

ती बोटभर पट्टी आली आणि गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकर होकायंत्र घेऊन नव्या गच्चीवर गेला. आभाळ स्वच्छ होतं. सूर्य डोंगरावर चांगला हातभर आलेला. त्याने गच्चीच्या मधोमध, मोकळ्या जागेत, होकायंत्र जमिनीवर ठेवलं आणि शेजारी पेन्सिल उभी धरली. पेन्सिलीची सावली ज्या दिशेला, त्याच्या बरोबर उलट सूर्य. काट्यापासून मोजलं. एकशे वीसच्या आसपास. पुस्तकात होतं तेच. म्हणजे इथे काटा खरा बोलत होता. त्या काट्याप्रमाणे त्याने खाली वाकून आपल्या खिडकीची दिशा धरली, आणि ती प्लॅनवरच्या नक्षीदार बाणाशी तंतोतंत जुळली.

त्याला आधी कळेना. होकायंत्र तेच, माणूस तोच. तो उठला आणि होकायंत्र तळहातावर धरून चालायला लागला. गच्चीच्या एका बाजूला सोलर पॅनेलचा मोठा लोखंडी सांगाडा होता. तो जसा जवळ गेला, तसा काटा हलला. आणखी जवळ गेला, तसा वळला. सांगाड्याच्या खाली शिरला, तेव्हा काटा उत्तर सोडून लोखंडाकडे बघत स्वस्थ थांबला होता.

टॉवर. पत्र्याची शेड. शेडचे लोखंडी अँगल. ऑफिसात नव्या लागलेल्या प्रत्येक पोराला त्याने पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, की होकायंत्र लोखंडाजवळ धरू नका. पावसात भिजायला नको म्हणून तो स्वतः लोखंडाच्या पोटात जाऊन उभा राहिला, आणि तीनदा मोजलं. तीस वेळा मोजलं असतं तरी तेच आलं असतं.

मधुकर पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसला. अंगावर ऊन पडत होतं, चांगलं ऊबदार, आणि त्याला ते सहन होत नव्हतं.

खाली आला तेव्हा नंदा मेथीची जुडी घेऊन बसली होती. पानं खुडणं तिला जमत नव्हतं, म्हणून काड्यांसकट ओढून काढत होती. त्याने जुडी स्वतःकडे घेतली आणि खुडता खुडता सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. गंधालीने विचारलं होतं, तेही सांगितलं.

नंदाने ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे ऊन कुठे येतं आता?"

"सातशे दोनमध्ये."

"आणि आपल्याकडे?"

"एप्रिलपासून येईल. मेमध्ये तर पार कॉटपर्यंत."

"मेमध्ये कशाला हवंय मेलं," ती म्हणाली. तिने मेथीच्या काड्या गोळा करून बाजूला सारल्या. "तुमचं गणित नाही ना चुकलं. काटा चुकला."

"तिथे उभा मी होतो, नंदा."

चिठ्ठी, बरकत, यातलं एक अक्षर तिने तेव्हा काढलं नाही आणि नंतरही नाही. भांडली असती तर मधुकरला बरं वाटलं असतं.

पुन्हा बदलून मागायचं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण करार रजिस्टर झालेले, धवलने घरभर फर्निचर केलेलं, आणि कुठल्या तोंडाने मागायचं? एक दिवस त्याने कपाटाचा आरसा काढून खिडकीबाहेर धरून बघितला. कवडसा आधी छतावर उडाला, मग भिंतीवरच्या घड्याळावर, मग एकदाचा नंदाच्या गुडघ्यावर येऊन थरथरायला लागला. ती हसली. खरंच हसली. मग म्हणाली, "पुरे आता. खाली पडाल." मधुकरने हात आत घेतला. दंड भरून आले होते.

दीप्ती घरूनच काम करायची. लिफ्टपाशी तिने नंदाची सुजलेली बोटं बघितली आणि सहज म्हणाली, आमच्या आतल्या खोलीत सकाळी मस्त ऊन असतं काकी, या ना बसायला, मी एकटीच असते. मधुकरने तिथल्या तिथे सांगितलं, नको, कशाला, आमच्याकडेही येतं थोडं. नंदाने तेव्हा मान हलवली. पण पुढच्या सोमवारी पोळ्या लाटताना लाटणं तिच्या हातून दोनदा निसटलं. तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मी जाऊन येते पलीकडे."

मग ती रोज जायला लागली. मधुकर घरी बसायचा. पेपर दोनदा वाचायचा. दीप्ती त्यालाही बोलवायची. तो काही ना काही निमित्त काढायचा. साडेदहा-अकराला नंदा परत यायची तेव्हा तिचे गाल किंचित लाल झालेले असायचे आणि ती दीप्तीचं काहीबाही सांगायची. तो ऐकायचा. तिथल्या उन्हाबद्दल ती चकार शब्द काढायची नाही, आणि तो विचारायचा नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती जेवणाआधीची गोळी घ्यायला विसरून तशीच गेली. अकरा वाजून गेले तरी आली नाही. मधुकर गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन बाहेर आला, आणि महिनाभर ज्या दाराकडे बघायचं टाळलं होतं, त्याची बेल वाजवली.

दीप्तीच्या कानाला हेडफोन होते, मीटिंग चालू असावी. तिने हसून आत बोट दाखवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

आतली खोली उन्हाने भरली होती. एका बाजूला धूळ खात पडलेला ट्रेडमिल, त्यावर वाळत टाकलेले टॉवेल. खिडकीसमोर वेताची खुर्ची, आणि तिच्यात नंदा गाढ झोपलेली. मान एका खांद्यावर कललेली, तोंड थोडं उघडं. पाय समोरच्या स्टुलावर; गुडघे, हात, सगळं उन्हात. मधुकर दारातच थांबला. कॉट कुठे, देव कुठे, खुर्ची कुठे, हे नंदाने एकदा प्लॅनवर बोट फिरवून ठरवलं होतं. खुर्ची बरोबर त्या जागी होती.

तो पाय न वाजवता आत गेला. पेला खाली ठेवला. ऊन स्टुलाच्या कडेला पोचलं होतं. सूर्य आता दक्षिणेकडे चालला होता, म्हणजे इथे जमिनीवरचं ऊन डावीकडे सरकणार आणि थोड्याच वेळात तिचे पाय सावलीत जाणार. एवढं त्याला अजून कळत होतं. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी स्टूल, तिच्या पायांसकट, वीतभर डावीकडे घेतलं.

नंदा चाळवली. डोळे न उघडता म्हणाली, "अहो, पडदा नका ओढू. असू दे. किती छान झाली आपली खोली."

तिचे पाय त्याच्या हातात होते. रात्री आपण चोळतो तेव्हा दगडासारखे गार असणारे हेच पाय, आज गरम होते.

जरा वेळाने तिने डोळे उघडले. ट्रेडमिल बघितला, टॉवेल बघितले, मग खाली बसलेला नवरा. आपण काय बोललो ते तिला कळलं असावं, कारण ती त्याच्या टकलावरून नजर हलवून खिडकीबाहेर बघायला लागली.

"गोळी राहिली होती," तो म्हणाला.

तिने गोळी घेतली. पेला एकाच हाताने धरला. मधुकरने तिच्या चपला सरळ केल्या आणि एकेक पायात घातली. ती उठताना त्याने हात पुढे केला. तिची बोटं त्याच्या मनगटाभोवती नीट वळली आणि घट्ट बसली. दीप्तीला हातानेच येतो म्हणून सांगून दोघं बाहेर आली.

लॉबी चार पावलांची. नंदा दाराशी थांबली. मधुकरने कुलूप काढलं, दार ढकललं आणि चप्पल काढायच्या आधी हात आत घालून दिव्याचं बटण दाबलं.